माझी पातळ बाजू

माझ्या पोटात अकरा वर्षे एक पत्र पडून होते. ते मला आलेले नव्हते, पण माझ्याबद्दल होते. त्याचे उत्तर एका ओळीचे होते आणि तेवढी एक ओळ काही लिहिली जात नव्हती. त्या न लिहिलेल्या ओळीत माझाही वाटा आहे. मला सगळे नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. मित्रांनो, सांभाळून घ्या.

मी एक जुना लोखंडी पाइप आहे. खरे तर पाइपाचा वीतभर तुकडा आहे. पूर्वी मी तीन मीटर लांब होतो आणि काँक्रीट पंपाच्या बूमवर राहत होतो. बूम म्हणजे ट्रकवर बसवलेला, घडी घालता येणारा लांबच लांब हात. त्याच्या अंगावरून आम्ही पाइप एकामागून एक जोडलेले असतो. खालून पंप ढकलतो, आमच्या पोटातून काँक्रीट वर जाते आणि शेवटी लोंबणाऱ्या होजमधून, म्हणजे जाड रबरी नळीतून, स्लॅबवर पडते. तो होज एक माणूस दोन्ही हातांनी धरून फिरवतो.

मला बूमवर बसवले ते मिस्त्रींनी. पाइप बदलणे आणि एका रेषेत बसवणे हेच त्यांचे काम. इतर लोक पाइप जागेवर येईना की पहार लावत, साखळीने ओढत. मिस्त्री तसे करत नसत. आधी आधाराचे कंस सैल करायचे, पाइपाला शेजाऱ्यांच्या तोंडाशी आपोआप सरळ येऊ द्यायचे, आणि मग क्लॅम्प आवळायचा. आवळल्यावरही पाइप हाताने जरासा फिरला पाहिजे. "बळजबरी केली की पाइप मनात धरतो, आणि नको तिथे सोडतो," असे ते म्हणत. मी त्यांच्या हातून एका दमात बसलो होतो. त्याचा मला फार अभिमान होता.

खडी नेहमी पाइपाच्या तळाशी घासत जाते, म्हणून तळ आधी झिजतो. मिस्त्री मला अधूनमधून थोडे फिरवत, म्हणजे झीज सगळीकडे वाटली जाई. मग हातोडीने टकटक करून कान लावत. जाड पाइप ठस्स वाजतो, झिजलेला टणटणतो. मिस्त्रींचा कान एवढा तयार होता की पुढे जाडी मोजायचे छोटे यंत्र आले तेव्हा त्यांनी ते उघडून पाहिले, छान आहे म्हणाले आणि परत डब्यात ठेवले. "आता माझा कान काय पेन्शनीत काढायचा का?" असे त्यांनी मुकादमाला विचारल्याचे मला आठवते. सगळे हसले होते. मीही हसलो असतो.

आता ते सांगतो, जे सांगायला जीभ रेटत नाही.

मी म्हातारा झालो होतो. माझ्या जागी बसणारा नवा पाइप आवारात येऊन पडला होता, तोंडाला निळी टोपणे लावून. त्या आठवड्यात पाणी कमी पडले आणि काम संपल्यावर आम्हाला नीट धुतले गेले नाही. माझ्या तळाशी काँक्रीटचा थर राहिला आणि वाळून दगड झाला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले, हातोडी उचलली आणि नेमके तिथेच वाजवले. आत लोखंड उरलेच नव्हते म्हणा ना. पण त्या थरामुळे मी ठस्स वाजलो. जाड वाजलो.

मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हा माझा म्हातारा अजून ठणठणीत आहे," म्हणाले, आणि नव्या पाइपाला, "तू थांब महिनाभर." मला ती थाप गोड लागली, मित्रांनो. हेच माझे पाप.

पुढच्या सकाळी चौथ्या मजल्याचा स्लॅब होता. होज धरायला नेहमीचाच माणूस होता. उंच म्हणून त्याला सगळे लंबू म्हणत. त्याचा धाकटा भाऊ पलीकडे फावड्याने काँक्रीट पसरत होता. बूम चालवणारा रिमोट घेऊन वर होता. मिस्त्री खाली पंपापाशी उभे होते, दाबाच्या काट्यासमोर. काटा रोजच्या जागी होता. आणि मी फुटलो. माझ्यातली खडी गोळीसारखी सुटली आणि धाकट्याच्या उजव्या डोळ्यात गेली.

साहेबांनी चौकशी केली. पाइप तपासला होता का? "कालच. ठणठणीत होता," मिस्त्री म्हणाले. ते खोटे बोलले नाहीत; त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मग पाइप चांगला असताना फुटतो कसा? होज दुमडला असणार, वाट तुंबली असणार, दाब वाढला असणार. म्हणजे लंबू. काटा वाढला होता का, हे मिस्त्रींना कोणी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

आठवड्याने मिस्त्रींनी मला फुटलेल्या जागेच्या शेजारी कापले. आतला थर गळून पडला. त्यांनी डब्यातले यंत्र काढले, माझ्या तळाला लावले आणि बराच वेळ आकडा बघत राहिले. माझी भिंत तिथे दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवावीत एवढीच होती. मग त्यांनी मला घरी आणले आणि टेबलावर पेने ठेवायला उभे केले. पातळ बाजू भिंतीकडे.

पत्र नंतर आले. मिस्त्रींनी ते एकदाच मोठ्याने वाचले, म्हणून मला पाठ आहे.

"मिस्त्री, नमस्कार. धाकट्याचा डोळा वाचला नाही. तो मला काही बोलत नाही, पण त्याची बायको माझं ताट ठेवते आणि उठून आत जाते. सगळे म्हणतात मी होज दुमडला. मला तसं आठवत नाही, पण आता मलाच वाटायला लागलंय की दुमडला असेन. पाइप तुम्ही बसवता. तुम्ही सांगाल ते मी मानेन. एका ओळीत कळवा."

मिस्त्रींनी पेन उचलले, ठेवले, आणि पत्राची घडी करून माझ्यात टाकली. वर पेने उभी केली. पुढे ते निवृत्त झाले. वाचनालयातून पुस्तके आणत, माझ्याशेजारी ठेवत, वाचत. माझ्यातले पेन ते फक्त शब्दकोडे सोडवायला काढत.

गेल्या महिन्यात मुकादमाने त्यांना नव्या फिटरांना शिकवायला बोलावले. मिस्त्री मला पिशवीत घालून घेऊन गेले. रेषेत पाइप कसा बसवायचा ते त्यांनी फार सुंदर दाखवले. शेवटी मला वर धरून म्हणाले, "हातोडीवर भरवसा ठेवू नका. या पाइपाने मला फसवलं."

वेल्डिंग सोडून या कामात आलेल्या एक बाई पुढे बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं का?"

"होतं," मिस्त्री म्हणाले. "डब्यात होतं."

"मग होज धरणाऱ्याला कळवलंत ना, की त्याची चूक नव्हती?"

मिस्त्रींनी मला पिशवीत घातले आणि चहाची वेळ झाली म्हणाले.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. मला टेबलावर ठेवून नुसते बसून राहिले. त्यांची बायको फडके घेऊन आली आणि मला पुसू लागली. ते म्हणाले, राहू दे, आत कागद आहे.

"माहीत आहे," ती म्हणाली. "अकरा वर्षं पुसतेय मी याला. फक्त बाहेरूनच पुसते, असं वाटलं होय तुम्हाला?"

तिने पेने काढून बाजूला ठेवली, एक त्यांच्या हातात दिले आणि म्हणाली, "जेवण झाकून ठेवते. लिहून झालं की या."

त्यांनी सात कागद फाडले. आठव्यावर लिहिले: "तू होज दुमडला नव्हतास. दाबाचा काटा वाढला नव्हता, मी स्वतः पाहिलं होतं. पाइप झिजला होता, आणि तो मी मोजला नाही. हे धाकट्याला आणि त्याच्या बायकोला वाचून दाखव. सोबत पाइप पाठवतोय. कडेवरून बोट फिरवून बघा. जपून, धार आहे."

म्हणजे मित्रांनो, या उत्तराबरोबर मीही निघालो आहे. लंबू अजून त्याच पत्त्यावर आहे का, हे मिस्त्रींनी मुकादमाकडून दोनदा विचारून घेतले.

जाण्यापूर्वी एवढेच मागतो. तुम्ही मोठे होऊन काहीही चालवा, काहीही जोडा. ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याला आधी मोजा. आम्हाला खरे बोलता येत नाही. आम्ही फक्त वाजतो. आणि आमचे खापर कोणाच्या डोक्यावर फुटले असेल, तर त्याला अकरा वर्षे थांबायला लावू नका.

टपाल कचेरीतल्या बाईंनी खोके वजनाला ठेवले आणि आत काय आहे म्हणून विचारले. "एका पत्राचं उत्तर आहे," मिस्त्री म्हणाले. "जरा जड झालंय."

बाईंनी खोके उघडायला लावले. मला पाहून त्यांना नवल वाटले असावे, कारण त्यांनी शिक्क्याची मूठ उलटी धरून माझ्यावर सहज टकटक केले, नेमके पातळ बाजूला.

मी टणटणलो. मिस्त्रींनी कान दिला, मान हलवली आणि खोके बंद केले. मग वरून शिक्का पडला.