डब्यातलं पांढरं बटण

आमच्या घरात लोकशाही आहे. म्हणजे असं बाबा म्हणतात, आणि बाबा म्हणतात म्हणजे आहेच. काचेच्या कारखान्यात ते युनियनचे चिटणीस होते. कारखाना बंद पडला, युनियन मोडली, चिटणीसगिरी मात्र घरी राहायला आली. टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा, दादाच्या लग्नात किती माणसं बोलवायची, न्हाणीघराला कुठला रंग द्यायचा, सगळं जेवणाच्या टेबलाभोवती सभा भरवून मतदानानं ठरतं. बाबा ठराव मांडतात आणि हात वर करतात. मग आई, दादा आणि वहिनी त्यांच्याकडे बघतात आणि तेही हात वर करतात. माझा हात बहुतेक वेळा खालीच असायचा, आणि ‘विरोधी एक’ असं बाबा मोठ्या कौतुकानं जाहीर करायचे. विरोध झाला की त्यांना बरं वाटायचं, कारण मग शेजारी सांगता यायचं.

मला राज्यशास्त्र शिकायचं होतं ते या घरामुळेच. सगळे मत देतात आणि दरवेळी एकच माणूस जिंकतो, हे कसं होतं ते मला एकदा नीट समजून घ्यायचं होतं. शाळा संपल्यावर मी आईबरोबर दुकानात बसले. हॉटेलं आणि दवाखान्यांचे गणवेश शिवायचं आमचं दुकान आहे. आई कापते, शिवते, आणि काज-बटणं माझ्याकडे. एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या छातीवर बटणं लावतेय, आणि माझी मजुरी जाते घरखर्चात. त्यातून काही काढायचं तर सभेची मंजुरी लागते. माझ्याच कमाईला हात लावायला मला मंजुरी हवी, असाही ठराव एकदा झाला होता. विरोधी एक.

परवडेल असं कॉलेज शोधायला मी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायचे, कापड बघायला जाते असं सांगून. पहिल्या कॉलेजात शिरल्या शिरल्या कारंजं होतं. खिडकीतल्या बाईनं फीचा कागद पुढे सरकवला, आणि तो वाचून कळलं की ते कारंजं माझ्याच खर्चानं उडणार आहे. दुसऱ्या ठिकाणी राज्यशास्त्र कधीच बंद पडलं होतं. कारकून म्हणाला, हॉटेलचा कोर्स घ्या, निदान उपाशी तरी मरणार नाही. तिसरं घरबसल्या पदवी देणारं होतं. फोनवरचा माणूस इतका गोड बोलत होता की मी हरखलेच होते, पण परीक्षा कोण घेतं एवढं विचारलं आणि त्यानं फोन ठेवून दिला. मेल्याला दुसरं काही विचारलंच नव्हतं मी.

शेवटी सापडलं ते संध्याकाळचं कॉलेज. एका शाळेच्या वर्गांमध्ये भरायचं, बाकं लहान मुलांची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. फी इतकी कमी होती की मी दोनदा विचारलं. तिथले सर म्हणाले, फी कमी आहे कारण इथे काहीच नाही. त्यांच्या स्वेटरच्या कोपराला ठिगळ होतं आणि ते इतके गबाळे टाके घालून लावलं होतं की माझे हात शिवशिवले. राज्यशास्त्रच का, असं त्यांनी विचारल्यावर मी आमच्या घरच्या सभांचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, मतदान गुप्त असतं का. मी म्हटलं, छे, हात वर करून.

“मग ते मतदान नाही,” सर म्हणाले. “ती हजेरी आहे.”

हे वाक्य मी घरापर्यंत घोकत आले. माझ्या आनंदाला नुसतं उधाण आलं होतं. शनिवारपर्यंत फी भरली की जागा माझी, नाहीतर रांगेतल्या पुढच्याची. फी घरखर्चातून काढायची, आणि आठवड्यातल्या चार संध्याकाळी दुकानातून लवकर उठायचं, एवढाच माझा ठराव होता. आणि त्याला तिघांचं समर्थन मी आधीच गोळा करून ठेवलं होतं. कॉलर उलटवता उलटवता आई म्हणाली होती, शिक बाई, माझं राहिलं ते तू कर. वहिनी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. तिनं माझा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणलं होतं. दादाला मी नवा शर्ट शिवून दिला होता. तो म्हणाला, तुझ्यासाठी एक नाही, दोन्ही हात वर करीन. फक्त बाबा काही कबूल करेनात. सभेत बघू, एवढंच म्हणाले. बाबांचा हात खाली राहिला की बाकीचे हात कुठे जातात हे मी जन्मभर बघितलं होतं.

म्हणून शुक्रवारी सभा बसल्यावर मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, मतदान गुप्त हवं. बाबांच्या कपाळाला आठी पडली. घरात कुणापासून लपवायचं, असं त्यांनी विचारलं. मी सरांचं वाक्य तोंडावर फेकलं, हजेरीचं. ते त्यांना लागलं. चिटणीस माणूस, लोकशाहीत आपण कमी पडतोय हे कसं सहन होणार! त्यांनी लगेच मान्य केलं. मी दुकानातून बटणांचा पत्र्याचा डबा आणला. प्रत्येकाला एक पांढरं बटण दिलं, एक काळं. पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. डबा फडक्याखाली ठेवला, मुठीतलं एक बटण त्यात टाकायचं आणि उरलेलं खिशात. किती हुशार वाटत होतं मला स्वतःला, काय सांगू! पाचही बटणं पडली. प्रत्येक वेळी पत्र्यावर टण्ण वाजलं आणि प्रत्येक वेळी मी मनात कॉलेजच्या वहीवर माझं नाव घातलं.

बाबांनी डबा टेबलावर उपडा केला. चार काळी आणि एक पांढरं.

ते पांढरं मी टाकलेलं होतं. माझं उरलेलं काळं खिशातच होतं, मांडीला टोचत होतं. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं तर सगळ्यांची तोंडं सारखी उतरलेली, जणू काही यांच्याच घरी कुणी गेलंय. वहिनी तर चुकचुकली. बाबांनी ठराव नामंजूर म्हटलं आणि आई भांडी उचलायला लागली.

मी भांडी घासत होते तेव्हा दादा मागे येऊन उभा राहिला. इकडेतिकडे बघत म्हणाला, “ते पांढरं माझं होतं, बरं का. बाकीच्यांना सांगू नकोस.” अंगात माझाच शर्ट. सकाळी वहिनीनं मला जिन्यात गाठलं. म्हणाली, मला वाटलंच होतं आई पलटणार, निदान एक पांढरं तरी पडलं माझं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी म्हटलं, हो गं वहिनी. मग दुकानात आई, दातांत दोरा धरून, मान खाली. तिनं तर शपथ घेतली, माझ्या गळ्याची. खोटी शपथ घ्यायची तर स्वतःच्या गळ्याची तरी घ्यावी माणसानं. आईनं असं करावं याचं मला जे वाईट वाटलं ते अजून वाटतं.

खरं बोलले ते एकटे बाबा. शनिवारी दुपारी दुकानात आले, स्टुलावर बसले, आणि काळ्या बटणांची बरणी हातात घेऊन फिरवत राहिले.

“माझं काळं होतं,” ते म्हणाले. “पांढरं तुझंच असणार.”

मी म्हटलं, ठाऊक आहे मला, तुम्ही पहिल्यापासून नाहीच म्हणणार होता.

“नाही गं. हात वर करायचा असता तर केला असता मी. सगळ्यांदेखत पोरीला नाही म्हणायला माझी जीभ रेटली नसती. आणि मी केला असता तर यांनीही केले असते, तुला माहीतच आहे.” त्यांनी बरणी खाली ठेवली. “पण डब्यात काय, कोण बघतं? मग मनात आलं, काज-बटणं कोण करणार. तसंच त्यांच्याही मनात आलं असेल. तूच म्हणालीस ना, गुप्त हवं.”

मी सुई खाली ठेवली नाही. ठेवली असती तर रडले असते, आणि तो गणवेश संध्याकाळी द्यायचा होता. तो दिला तोवर कॉलेजची खिडकी बंद झाली होती.

बाबांना मात्र डबा फार आवडला. ही पद्धत उत्तम, कुणावर दडपण नाही, असं ते शेजारी सांगत सुटले. पुढच्या सभेत ठराव आला तो वहिनीचा. दुकान संध्याकाळी आणखी उशिरापर्यंत उघडं ठेवावं, म्हणजे कामं जास्त घेता येतील. दोन्ही बटणं मुठीत घेऊन मी त्यांच्याकडे बघत बसले. कुणीही डोळ्याला डोळा भिडवला नाही. डबा उपडा झाला तेव्हा चार पांढरी होती आणि एक काळं.

जेवण झाल्यावर मी ओट्याशी गेले. मागे पावलं वाजली. दादा होता. घसा खाकरून तो म्हणाला, “ते काळं...”

“हो रे दादा,” मी म्हटलं, “तुझंच होतं.”

तो खूश होऊन झोपायला गेला, आणि मी पुढच्याची वाट बघत भांडी घासत राहिले.