खिडकीतल्या गोगलगायी

टण्ण. काचेवर काच आपटली आणि दुपारची शांतता मोडली. पुस्तकावर डोकं टेकून पेंगलेली तियोंगे दचकून उठली.

अलिनाफे स्टुलावर चढली होती. एका हातानं खिडकीचा गज धरलेला, दुसरा मनगटापर्यंत पेल्यात.

"हिला अंघोळ घालतेय," लेक म्हणाली. "किती घाण झालीय बघ."

"हात काढ."

"शेपूट राहिलंय धुवायचं."

"अलिनाफे, हात काढ म्हटलं ना."

खिडकीत ओळीनं पेले मांडलेले होते. प्रत्येकात पाणी आणि एकेक गोगलगाय. तियोंगे झोम्बाच्या विद्यापीठात जीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रकल्पाला तिनं गोगलगायींमुळे पसरणारा बिल्हार्झिया रोग घेतला होता. सरोवराकाठच्या गोगलगायी आणायच्या, अंधारात ठेवायच्या, मग उजेडात मांडून बघायचं की कुणाच्या अंगातून रोगाचे बारके किडे पाण्यात सुटतात का. प्रयोगशाळेत विजेचा पत्ता नसायचा, म्हणून सरांना न विचारताच ती डबा घरी घेऊन आली. खिडकीत ऊन तर भरपूर होतं. पण रोज पेले मांडायचे, रोज भिंग लावायचं आणि रोज नुसतं पाणी बघायचं. एक तरी बाधित निघू दे, असं ती लेकीला थोपटतानासुद्धा मनात म्हणायची. काहीच निघत नाही म्हटल्यावर आज तिनं पेले मांडले आणि निर्धास्त होऊन पुस्तक उघडलं.

तिनं लेकीला उचलून खाली घेतलं. कोरड्या फडक्यानं हात खसाखसा पुसला, मग नमुने बुडवायला आणलेलं स्पिरिट बोटांच्या बेचक्यांत, नखांत, मनगटावर चोळलं.

"आई, झोंबतंय."

"झोंबू दे, राणी. थोडंच."

हात लाल झाला तेव्हाच ती थांबली. मग कमरेला गुंडाळलेलं काळं चितेंजे कापड सोडून पेल्यामागं धरलं आणि भिंग लावलं. काही नसेल. इतके दिवस नव्हतं, आजच कशाला असेल.

पाण्यात पांढरी धूळ उसळत होती. वर चढायची, थबकायची, खाली यायची. प्रत्येक कणाला शेपटी, शेपटीच्या टोकाला दोन फाटे. पुस्तकातल्या चित्राहून कितीतरी सुंदर. यांना कातडी भेदून आत शिरायला फार वेळ लागत नाही, हे तिनं परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. आपण किती वेळ झोपलो होतो, तेवढंच तिला ठाऊक नव्हतं.

दारात चपला वाजल्या. आगोगो, अलिनाफेची आजी, बाजारातून आली होती. डोक्यावरची उसिपा मासळीची टोपली उतरवताना तिनं नाक वर केलं.

"अलिनाफेच्या आई, गुत्ता उघडलास काय घरात? वास फाटकापर्यंत येतोय."

पोरीला खरचटलं, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पोरीला काही झालं तर मी तिला गावी नेणार आणि तू बस पुस्तकं घेऊन, असं सासूनं कॉलेजच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतं. आणि ती बोलली की करणारी बाई होती. तियोंगेनं लेकीचा हात घट्ट धरला आणि झालं ते सगळं सांगितलं.

आगोगो बसली. मासळीवरच्या माशा वारू लागली.

"आमच्याकडे या रोगानं पोरगा लाल मुतला की पुरुष झाला म्हणून हसायचे," ती म्हणाली. "माझा भाऊसुद्धा हसला होता. पुढं त्याला उभं राहवेना." मग तिनं मान वर केली. "लोक हा रोग घरातून घालवायला शिकतात. तू घरात आणायला शिकलीस."

तियोंगे लेकीला मांडीवर घेऊन खाली बसली.

"बसलीस काय? ऊठ. दवाखान्यात जाऊन गोळी घेऊन ये."

"आज देऊन उपयोग नाही, आगोगो. तपासणीतही आज काही दिसणार नाही. ती गोळी किड्यांच्या पिल्लांना मारत नाही. काही आठवडे थांबायचं, मग द्यायची. तेव्हा हमखास बरं वाटतं."

"थांबायचं कशासाठी?"

"आधी ते मोठे व्हावे लागतात."

"कुठं मोठे व्हावे लागतात?"

तियोंगेनं नुसतं लेकीकडे पाहिलं. आगोगोनंही पाहिलं, आणि तिचा माशा वारणारा हात थांबला. अलिनाफे आपला लाल झालेला तळवा उलटसुलट करून न्याहाळत होती. तिनं तो नाकाशी नेऊन हुंगला, मग हळूच कानाला लावला.

"आई," ती म्हणाली, "मोठे होईपर्यंत ते काय खाणार?"