पाच म्हणजे आपले साडेनऊ

"अहो, त्या फलकावर लेकीच्या विमानाचा पत्ताच नाही!" बायकोने घड्याळजींची बाही ओढली. सकाळचे सव्वादहा वाजले होते.

घड्याळजी अडतीस वर्षं चौकातल्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेले. लेक परदेशी गेल्यापासून दुकानात तिच्या वेळेचं एक वेगळं घड्याळ होतं, साडेसात तास पुढे. तिने कुठलीही वेळ कळवली की यांनी साडेसात वजा केलेच म्हणून समजा. परवा तिने लिहिलं, "शनिवारी पाचला उतरतोय." पाच म्हणजे आपले साडेनऊ, असं जाहीर करून हे मोकळे! आणि घाई का नसावी? पाच वर्षांची नात आजवर फक्त फोनच्या पडद्यावर भेटली होती. समोरासमोर ती आपल्याकडे येईल की नाही, या काळजीने त्यांचा आठवडाभर जीव टांगणीला लागला होता.

चौकशीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, ते विमान आत्ता आकाशात आहे. बारा हजार किलोमीटर, सोळा तासांचा प्रवास. उतरेल संध्याकाळी पाचला. आपल्या पाचला."

"म्हणजे तिनं आपलीच वेळ लिहिली होती?"

"कर्म माझं!" बायको म्हणाली. "सगळ्या गावाची घड्याळं लावणारा माणूस हा!" तिला खरं तर रागवायचं होतं, पण हसू काही आवरेना. शेवटी दोघंही बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

घरी जाऊन परत यायचं म्हणजे चार तासांची रखडपट्टी. त्यापेक्षा इथेच बसू, असं ठरलं. तेवढ्यात बाहेर आलेल्या एका आजीबाईंनी मनगट पुढे केलं. "इथे किती वाजले हो? माझं घड्याळ अजून तिकडचंच दाखवतंय." घड्याळजींनी खिशातलं भिंग काढलं, काटे फिरवले, पट्टाही नीट बसवून दिला. मागून दुसरा आला, मग तिसरा. दुपारपर्यंत बावीस घड्याळं झाली. बायको लोकांना रांगेत उभं करत होती आणि चहा मागवत होती. कितीतरी वर्षांत दोघांचा दिवस इतका मजेत गेला नव्हता.

साडेपाचला लेक बाहेर आली, हाताला नात. घड्याळजी दोन्ही हात पसरून धावले. पोरीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि झटकन आईच्या मागे लपली.

"हे आजोबा नाहीत," ती म्हणाली.

घड्याळजींचा चेहरा पार उतरला. पसरलेल्या हातांचं काय करावं, तेही सुचेना.

लेक मात्र खो खो हसायला लागली. "बाबा, तुम्ही फोन धरता तरी कसा? तिनं आजवर तुमचं नुसतं कपाळच बघितलंय!"

घड्याळजी गुडघ्यांवर बसले. मान खाली घालून त्यांनी टक्कल आणि कपाळ पुढे केलं. नात एक पाऊल पुढे आली. भुवईवरच्या तिळावर तिने बोट टेकवलं, मग अख्खा तळवा.

"आजोबाच आहेत," तिने आईला सांगितलं.

बायको म्हणाली, "उठा आता, लोकांची वाट अडलीय."

गुडघे चांगलेच कुरकुरत होते, पण घड्याळजींनी मान वर केली नाही.