रानम्हशीची दूधआई

एका शिंगाची, गुडघे धरलेली म्हातारी म्हैस आहे मी, मित्रांनो, पण माझा तोरा अजून उतरलेला नाही. अहो, रानम्हशीच्या लेकराला दूध पाजलंय मी! दुसऱ्या कुणी पाजलं असेल तर समोर या.

छप्पन सालची गोष्ट. कुरखेड्याच्या पलीकडे जंगलात आमचा गोठा होता. रानातली पोरकी पिल्लं तिथे वाढवायची, ती काय खातात, कशी वाढतात ते शिकून घ्यायचं आणि मोठी झाली की पुन्हा रानात सोडायची. चांद्याचे जहीरभाऊ ढोरांचे डॉक्टर, आणि आमची धार काढायची गोकुळाबाई.

माझं रेडकू जन्मताच गेलं. त्याच सुमारास रानम्हशीचं एक रेडकू गोठ्यात आलं, त्याची आई वाघानं मारली होती. बाटली काही ते तोंडात धरेना. माझं रेडकू ज्या गवतावर जन्मलं होतं, त्याच गवतावर जहीरभाऊंनी त्याला लोळवलं. ओळखीचा वास आला की मी पाजीन, असा त्यांचा हिशेब. पण गोकुळाबाईचा लाड आडवा आला. नवा पाहुणा म्हणून तिनं त्याला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, वर हळद लावली! ते पिवळं ध्यान आचळाशी आलं आणि मी हाणली लाथ.

"बिजले, काऊन मारतं वं त्याले?" गोकुळाबाई रडकुंडीला आली.

"बाई, वासच धुऊन टाकला तुमी," जहीरभाऊंनी कपाळाला हात लावला. "आज दूध नाई पेलं तं हे जगत नाई."

गोकुळाबाई पळत जाऊन मीठ घेऊन आली. हळद पुसून तिनं त्याच्या पाठीवर मीठ चोळलं. खरं सांगते, आधी मी मिठासाठीच चाटलं. पण चाटता चाटता ते थरथरणारं अंग जिभेला कळलं आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. पान्हा फुटला! अशा ढुशा देऊन प्यायलं ते, की मलाच मागे सरावं लागलं.

"पेलं वं माय, पेलं!" गोकुळाबाई नाचायलाच लागली.

पुढे ती रानम्हशीची पोर चांगली थोराड झाली. एका सकाळी तिला नदीकाठी रानम्हशींच्या कळपाजवळ सोडलं. मलाही सोबत नेलं होतं. घेतील का तिला? माझा जीव टांगणीला लागला. कळपातल्या थोरल्या म्हशीनं तिला हुंगलं आणि बाजूला सरून वाट दिली.

मित्रांनो, मुक्या प्राण्याला जीव लावा, दावं लावू नका. मी मोठ्यानं रेकले, तर माझ्या लेकीनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. शाब्बास गं माझी रानची पोर!