धानाच्या पोत्यांवर जोडलेली मोटारसायकल

मित्रांनो, मी वरठीच्या एका अंगणातली जुनी मोटारसायकल. माझ्या धन्याचा शेवटचा साधा दिवस तुम्हाला आधी सांगते. त्या रविवारी त्यांची मुलगी रुचिता नेहमीसारखी मला पुसत होती. धनी, म्हणजे कवडू, खाटेवर बसून चहा पीत होते.

"काहून इतकी चमकवून राहिली वं?" ते म्हणाले. "पोराची गाडी हाय ते. तू आपले भांडे चमकव."

रुचिता चाकाच्या तारांमधला चिखल काढत राहिली. दुसऱ्या दिवशी कवडू ड्यूटीला जायला उठलेच नाहीत. झोपेतच गेले होते.

स्टील प्लँटच्या ड्यूटीवर, लग्नाकार्यांना, कोंढ्याला बहिणीच्या घरी, कुठेही मी बंद पडून कवडूंना अडवलं नव्हतं. "कवडूभाऊची गाडी पाहत राहावं," असं लोक म्हणत आणि कवडू ऐकून घेत. माझा प्लग कोण साफ करतं, चेन कोण ताणतं, हे कोणी विचारलं नाही. ते सगळं रुचिता करी. सकाळी किक मारून मला सुरूही तीच करून देई आणि बाजूला होई.

कवडूंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि तिचा धाकटा भाऊ अंकुश लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन आला. त्याला माझी हार्डटेल करायची होती. मागे धक्के झेलणारे शॉकप नाहीत, एकट्यापुरती सीट, ताठ सांगाडा.

"कापू नोको रे," रुचिता म्हणाली.

"कायले मधात येते वं ताई? बाबा मलेच देऊन गेले."

"कापू दे माय," आई म्हणाली. "बापाची वस्तू पोराचीच राह्यते."

माझा मागचा भाग कापला गेला. नवे पाइप जोडताना सांगाडा पक्क्या लोखंडी चौकटीत आवळावा लागतो. अंकुशने त्याऐवजी धानाची पोती रचली, ठिणग्यांनी जळू नयेत म्हणून त्यांवर पाणी ओतलं आणि मला वर ठेवलं.

"धानाले कोंब फुटले तं तुलेच खाऊ घालीन," आई ओरडली.

"पोते दबून राहिले, पाह्य ना," रुचिता म्हणाली. "गाडी तिरपी होईन."

"आल्या इंजिनिअर बाई!"

ओलं धान एका अंगाला खचलं आणि वेल्डिंग तसंच बसलं. आता माझं मागचं चाक पुढच्याच्या रेषेत नाही. पहिल्याच फेरीला, गल्लीच्या तोंडाशी, मी अंकुशला नालीत घातलं. त्याने उठून मला लाथ घातली. टाकीला पोचा आला. मग भंगार म्हणून मला भिंतीशी लोटून दिलं.

मित्रांनो, एखादी वस्तू तुमच्या वाट्याला आली, तर कापण्याआधी एवढं तरी विचारा, की आजवर हिला जपलं कोणी. मला कोणी विचारलं नाही, तिलाही नाही.

आज भंगारवाला येणार म्हणून रुचिता मला शेवटची पुसायला आली. गुडघ्याला पट्टी बांधलेला अंकुश दारातून हसला. "रडून राहिली का वं ताई? तुले फिरवून आणलं असतं, पण मागं बसाले जागाच नाही."

तिने फडकं खाली टाकलं. उघड्या दारातून आत कवडूंचा हार घातलेला फोटो दिसत होता. त्याच्याकडे पाहत, शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने ती म्हणाली,

"मले मागं बसाचंच नव्हतं, बाबा. मले चालवाची होती."