शेखा ओरडते तेव्हा

तूदा गेली हे मला जंगलात कळलं. मी देवदाराखाली बसून शेखाकडे बघत होतो. आम्ही ज्या माकडांच्या टोळीवर लक्ष ठेवायचो, शेखा ही त्यातली माकडीण. लग्नात पैसे घेऊन गाणाऱ्या बायकांना आमच्याकडे शेखा म्हणतात. या माकडिणीचा आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून माझ्या बायकोनं, तूदानंच, तिला ते नाव ठेवलं होतं. त्या दिवशी शेखा माजावर होती. एक नर तिच्यावरून उतरला आणि ती ओरडायला लागली, अख्ख्या उतारावर ऐकू जाईल अशी. दुसरे नर खाणं टाकून तिच्याकडे निघाले. तेवढ्यात तूदाचा भाऊ लहसेन खालच्या वाटेनं वर आला.

"बास्सू, काम ठेव," तो म्हणाला. "तूदा नाही राहिली."

मला वाटत होतं, ती नुसती आईला भेटायला माहेरी गेलीय.

तिथं तिला मूल व्हावं म्हणून कसलंसं मूळ उकळून पाजलं होतं. बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून ते माझ्या आईनं आणलं आणि तिच्या आईनं पाजलं. उलट्या थांबेनात, अंग पिवळं पडलं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी पोचलो तोवर बायकांनी तिला न्हाऊ घातलं होतं.

आम्ही दोघंही बिर्गिटकडे कामाला होतो. ती जर्मनीहून माकडांचा अभ्यास करायला आलेली. मी नरांवर लक्ष ठेवायचो, तूदा माद्यांवर. मादी ओरडली की बिर्गिट तो आवाज यंत्रात घ्यायची आणि तूदा त्या मादीची विष्ठा कुपीत भरायची. कुप्या जर्मनीला जायच्या. कोणत्या मादीला कोणत्या दिवशी गर्भ राहिला असता, ते तिथं कळायचं. मादीच्या ओरडण्यावरून नराला ते दिवस ओळखता येतात का, एवढंच बिर्गिटला हवं होतं. पहिल्या वर्षाचा निकाल आला तेव्हा ती म्हणाली, काही खात्रीनं सांगता येत नाही, ओरडलं की नर येतात एवढं खरं.

तूदा हसली होती. "नराला काय कळायचंय? शेजाऱ्याच्या ताटात काहीतरी पडलं, एवढंच त्याला कळतं."

आमच्या माकडांत पिल्लू झालं की नरसुद्धा ते पाठीवर घेऊन हिंडतात. कोणाचं आहे हे तिथं कोणी विचारत नाही. तूदा ते बघत बसायची. मी हाक मारली तरी लवकर उठायची नाही. एकदा तिनं बिर्गिटला सांगितलं, त्या कुप्यांबरोबर माझीही एक पाठव. बिर्गिट आधी हसली, मग तिचं हसू गेलं. परवानगी फक्त माकडांची आहे, असं ती म्हणाली. बायकांसाठी मेकनेस शहरात डॉक्टर आहेत.

तूदाच्या चाळिसाव्याला घरी कुसकुसचं जेवण घातलं. लोक जेवून गेले. मग माझी आई आणि सासूबाई चहा घेऊन माझ्यासमोर बसल्या. बाई नसलेलं घर म्हणजे लांडग्याचं बीळ, असं आईनं सुरू केलं. सासूबाईंनी पुढं नेलं. तूदाची धाकटी बहीण राब्हा आहे, घरातलीच पोर घरात येईल, परकी कशाला आणायची. मी उठलो आणि मेंढ्यांना चारा घालायला गेलो.

राब्हा माझ्यामागून आली. भांडी घासता घासता उठली होती, हात ओलेच होते.

"भाऊजी, तुम्हाला डॉक्टरनं बोलावलं होतं."

"कुठल्या डॉक्टरनं?"

"मेकनेसच्या. ताई आईबरोबर गेली होती. तो म्हणाला, हिच्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला पाठवा. तुमची आई म्हणाली, हे त्याच्या कानावर घालायचं नाही. ताईला शपथ घातली. मग ते मूळ आणलं."

"तूदानं मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर गेला असता?"

मी मेंढ्यांपुढं चारा टाकत राहिलो.

"तुम्ही वाईट नाही, भाऊजी," ती म्हणाली. "पण मला ते मूळ प्यायचं नाही."

मी आत गेलो आणि दोघींना विचारलं, डॉक्टर काय म्हणाला होता. सासूबाईंनी मान खाली घातली. आई चहा ओतत होती, तिची धार हलली नाही.

"तू मेंढपाळाचा पोर," ती म्हणाली. "एक मेंढी गाभण राहिली नाही, तर मेंढ्याला कोणी खाटकाकडं नेतं का? दुसरी लावून बघतात."

"आणि दुसरीही राहिली नाही तर?"

"मग बघू मेंढ्याचं."

सासूबाईंची एक मुलगी मातीत होती, दुसरी अंगणात भांडी घासत होती. त्यांनी पेला पुढं केला, आईनं तो भरला.

मला आईचा राग आला, पण तिला खोटं पाडता येईना. मेंढ्यांच्या बाबतीत मीही तेच करतो. आमच्या गावात सगळे तेच करतात.

पुढचा हिवाळा आला तशी माकडं पुन्हा माजावर आली. तूदाच्या जागी बिर्गिटनं दुसरं कोणी घेतलं नाही, कुप्याही मीच भरतो. माद्या ओरडतात, नर धावतात, यंत्र चालू असतं. मी खाली बघून चिठ्ठ्या चिकटवतो. बिर्गिटनं एकदा विचारलं, बरं आहे ना. मी हो म्हणालो. तिला काय सांगणार.

आईनं राब्हासाठी लग्नातली लोकरीची शाल विणायला घेतली आहे. मेकनेसची गाडी रोज सकाळी आमच्या फाट्यावरून जाते. मी अजून डॉक्टरकडं गेलेलो नाही. राब्हाशी लग्न करणार नाही, हेही अजून कोणाला सांगितलेलं नाही.