पाचातलं एक बटण

लोक त्यांना भिंगवाले म्हणत. जुन्या अमेरिकन गाड्या तपासायच्या, त्यातलं काय कारखान्यातूनच आलेलं आणि काय मागाहून कुणी बसवलेलं ते शोधून लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं ते हेच करत होते. खिशात पाकीट विसरलं तरी चालेल, पण भिंग विसरायचं नाही, असा त्यांचा खाक्या. त्यांनी एखाद्या गाडीवर ‘मूळ’ असा शिक्का मारला की मग त्यावर कुणी वाद घालत नसे.

ही गाडी पाहायला त्यांना बोलावलं होतं ते एका पोस्टमास्तरीणबाईंनी. गाडी त्यांच्या वडिलांची. सत्तर वर्षांपूर्वीची, चार दारांची, फिकट हिरवी, पुढून पाहिलं तर ओठ दाबून हसतेय अशी. वडील वर्षापूर्वी गेले. बाईंना गाडी चालवायला येत होती, पण ठेवायला जागा राहणार नव्हती, म्हणून त्यांनी ती मोटारींच्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं होतं. संग्रहालयात एक खास दालन होतं. तिथे फक्त अशाच गाड्या घेत, ज्यांचा एकही भाग बदललेला नाही. टायर, पट्टे, बॅटरी सोडून बाकी सगळं जसंच्या तसं हवं. वडिलांची गाडी त्या दालनात जावी ही बाईंची फार इच्छा होती.

घरात बाईंखेरीज त्यांची आत्या होती. वय ब्याऐंशी. आयुष्यभर कवळ्या आणि खोटे दात बनवण्याचं काम केलेली. गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून ती तीन दिवस भिंगवाल्यांचं काम बघत बसली. मधूनच चहा झाला का विचारायची, एरवी गप्प.

भिंगवाल्यांनी पहिल्या दिवशी इंजिन घेतलं. ओतीव लोखंडावर साच्यातच उमटलेली तारीख असते. ती गाडी जुळवल्याच्या तारखेच्या आधीची हवी, आणि फार आधीचीही नको. ती बरोबर पाच आठवडे आधीची निघाली. मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक खूण असते, तिच्यावरून महिना कळतो. सहाही काचा एकाच महिन्याच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागची बैठक उचलली, तर खालच्या पत्र्यावर निळ्या खडूने कुणीतरी घाईघाईत लिहिलेला आकडा होता. गाडी जुळवताना कारखान्यातल्या कुठल्याशा कामगाराने लिहिलेला. सत्तर वर्षं त्यावर कुणाचं बोट फिरलं नव्हतं. भिंगवाले गुडघ्यांवर तसेच बसून राहिले. अशी खडूची खूण त्यांनी आजवर दोनदाच पाहिली होती, आणि त्यातली एक अर्धी पुसलेली.

तिसऱ्या दिवशी डॅशबोर्ड. त्यावर हस्तिदंती रंगाची पाच बटणं होती, बोराएवढी. दिवे, वायपर, चोक, हीटर आणि सिगारेट पेटवायचं. असली बटणं फुटतात, हरवतात, आणि मग लोक भलतीच काहीतरी बसवतात, म्हणून भिंगवाल्यांनी ती एकेक करून काढली, पालथी केली आणि भिंगाखाली धरली. आतल्या बाजूला साच्याचा आकडा असतो. सात, सात, तीन, दोन, पाच. एकाच साच्यातल्या एकाच खाचेतून दोन बटणं एका गाडीत येऊ शकतात, त्यात वावगं काही नाही. रंग, झीज, पिवळेपणा, सगळं एकमेकांशी जुळत होतं. त्यांनी बटणं परत बसवली, वहीत शेवटची ओळ लिहिली आणि सांगितलं की अशी गाडी आपल्याला जन्मात एकदा बघायला मिळाली, सगळी मूळ आहे, आता फक्त सही करायची.

बाईंना रडू आवरेना. आत्या मात्र खुर्चीतून उठली, काठी टेकत गाडीपाशी आली.

“सही करू नका,” ती म्हणाली. “त्या पाच बटणांतलं एक मी केलेलं आहे.”

भिंगवाल्यांना आधी वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. मग वाटलं, वयामुळे काहीतरी घोळ होतोय. त्यांनी अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं की मी प्रत्येक बटण आतून बाहेरून पाहिलंय. आत्याने ते ऐकून घेतलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“तुमचा वरचा, डावीकडचा दुसरा दात तुमचा नाही. काम चांगलं आहे, पण मुळाशी जरा निळसर झाक राहिलीय.”

भिंगवाल्यांचा हात आपोआप ओठांवर गेला. तो दात बसवून एकोणीस वर्षं झाली होती. लग्नाच्या बायकोला सांगेपर्यंत पत्ता लागला नव्हता.

त्यांनी गुपचूप पाचही बटणं पुन्हा काढली आणि पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडली. तासभर ते त्यांच्यावर वाकून होते. उजेडात धरली, सावलीत धरली, वजन करून पाहिली, नखाने वाजवून पाहिली. शेवटी त्यांनी डोकं लढवलं. सात आकडा दोन बटणांवर होता, दिव्यांच्या आणि वायपरच्या. म्हणजे एकावरून दुसऱ्याचा साचा घेतला असणार, तेव्हा खोटं या दोनांतलंच. वायपरच्या बटणाची खालची कड अंगठ्याने झिजलेली होती, खिडकीकडची बाजू किंचित जास्त पिवळी होती, आणि केसाएवढी एक चीर होती. दिव्यांचं त्या मानाने गुळगुळीत. त्यांनी दिव्यांच्या बटणावर बोट ठेवलं.

“ते खरं आहे,” आत्या म्हणाली. “वायपरचं माझं.”

तिने वायपरचं बटण उलटं करून दिलं आणि सात आकड्याच्या पायाशी भिंग धरायला लावलं. तिथे सुईच्या टोकाएवढा एक ठिपका होता. मघाशी तो त्यांनी पाहिला होता आणि साच्यातला बुडबुडा समजून सोडून दिला होता. आत्याने सांगितलं की तिने आजवर केलेल्या प्रत्येक दाताला आतून असा ठिपका आहे. दुसऱ्या कुणाला कळायची गरज नाही, पण आपलं कुठलं ते आपल्याला कळलं पाहिजे.

मग तिने सगळं सांगितलं. भाची तेव्हा चार वर्षांची होती. वडिलांच्या गाडीत खेळताना तिने वायपरचं बटण फिरवून फिरवून काढलं आणि ते कुठे गेलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही. वडील स्वभावाने वाईट नव्हते, पण त्या गाडीच्या बाबतीत त्यांचा पारा कधी चढेल सांगता येत नसे. पोर भेदरून आत्याच्या मागे लपली होती. भाऊ चार दिवसांनी परगावाहून येणार होता. आत्याने शेजारचं दिव्यांचं बटण काढून आपल्या कामाच्या खोलीत नेलं, दाताचा घेतात तसा त्याचा ठसा घेतला, आणि कवळीच्या मालातून जोडीदार ओतला.

“आकार काय, कुणीही काढेल,” ती म्हणाली. “दात एकटा करायचा नसतो. शेजारच्यांकडे बघून करायचा. ते किती झिजलेत, उजेड कुठून घेतात, ते बघायचं.”

भिंगवाल्यांनी विचारलं की हे मान्य, पण त्यालाही पंचेचाळीस वर्षं झाली. कवळीचा माल या जुन्या प्लास्टिकसारखा पिवळा पडत नाही. बाकीची चार बटणं म्हातारी झाली, मग हे एकटं तरुण कसं नाही राहिलं?

आत्या जरा संकोचली. मग म्हणाली की तेच तर खरं काम होतं. दर सहा-सात वर्षांनी भाऊ कुठे बाहेर गेला की ती ते बटण काढून आणायची. इतर चौघांशी ताडून बघायची आणि त्याच्यावर तेवढंच वय चढवायची. एक थर रंगाचा, थोडं घासणं, परत चकाकी. चीरही अशीच, हीटरच्या बटणाला गेली तेव्हा यालाही दिली. सहा वेळा केलं. शेवटचं, भाऊ दवाखान्यात होता तेव्हा.

भिंगवाले गाडीच्या पायरीवर बसले. इतकी वर्षं वस्तूंचं वय ओळखून पोट भरलं, आणि इथे एक बाई पंचेचाळीस वर्षं एका बटणाला वाढवत होती, मूल वाढवावं तसं, आणि कुणाला चाहूल नाही. आपण हरलो असं वाटायला हवं होतं, पण त्यांना तसं अजिबात वाटत नव्हतं. उलट अंगावर काटा आला होता. त्यांनी एवढंच विचारलं की मग आत्ताच का सांगितलंत, नसतं सांगितलं तर गाडी सरळ दालनात गेली असती.

“मी जन्मभर लोकांच्या तोंडात खोटं बसवलं,” आत्या म्हणाली. “पण ते खोटं आहे हे ज्याचं त्याला ठाऊक होतं. तुम्ही तीन दिवस जमिनीवर पालथे पडून बघितलंत. तुमच्या सहीखाली खोटं गेलेलं मला नाही चालणार.”

पोस्टमास्तरीणबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, बाबांना कधीच कळलं नाही? आत्याने नकारार्थी मान हलवली. पाऊस आला की भाऊ तेच बटण ओढायचा, आणि ती मागे बसून बघायची.

भिंगवाल्यांनी सांगितलं की एका बटणासाठी गाडी अडायची नाही, खरं बटण मी शोधून आणतो. त्यांच्या ओळखीचे एक सुटे भागवाले होते. भंगारवाले म्हटलं की त्यांना राग यायचा. त्यांच्या लांबलचक शेडमध्ये छतापर्यंत लाकडी कप्पे होते. कोणत्या कप्प्यात काय आहे ते कुठेही लिहिलेलं नव्हतं, सगळं त्यांच्या डोक्यात. त्याच सालच्या, त्याच बनावटीच्या एका मोडलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्यांनी केव्हातरी उतरवून ठेवला होता, पण कुठे, ते मात्र यावेळी आठवेना. भिंगवाल्यांनी तीन आठवडे त्यांच्याबरोबर कप्पे उपसले. अखेर जुन्या घोंगडीत गुंडाळलेलं ते धूड सापडलं. बटणावर आतून चार आकडा होता. अस्सल, शंकेला जागाच नाही.

ते त्यांनी आणून वायपरच्या जागी बसवलं आणि तिघं मागे सरकून बघायला लागली. अंधारात राहिल्यामुळे ते बटण पांढरंफेक होतं. बाकीच्या चौघांमध्ये ते दुसऱ्याच घरातून येऊन बसल्यासारखं दिसत होतं.

“हे नकली वाटतंय,” बाई म्हणाल्या.

आत्याने सांगितलं की वाटू दे, ते खरं आहे, तेच राहू द्या. तिचा त्याला काहीच विरोध नव्हता. पण बाई गाडीत जाऊन बसल्या, बराच वेळ त्या बटणाला हात लावून बसल्या, आणि मग उतरून म्हणाल्या की बाबांनी जे ओढलं तेच मला हवंय. त्या खास दालनात गाडी नाही गेली तरी चालेल.

भिंगवाल्यांनी हात पुसून जुनं बटण स्वतः परत बसवलं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अहवाल लिहिला. सव्वीस वर्षांत ‘मूळ नाही’ लिहिताना त्यांचा हात नेहमी जड व्हायचा. या खेपेला तो थांबेना. इंजिनावर एक पान झालं, काचांवर अर्धं, खडूच्या खुणेवर चार ओळी, आणि त्या एका बटणावर दोन पानं. कुणी केलं, कशापासून, किती वेळा त्याचं वय वाढवलं, आणि तपासणाऱ्याला ते ओळखता आलं नाही, हेसुद्धा. शेवटी सही केली.

संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी तो अहवाल वाचून गाडी दुसऱ्या दालनात घेतली, जिथे घरोघरी वापरलेल्या गाड्या असतात. त्यांनी पत्रात लिहिलं की ती दोन पानं गाडीशेजारी लावू, आत्यांची हरकत नसेल तर. आत्याने चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, मोठ्या अक्षरात लावा म्हणावं.

ट्रक आला त्या सकाळी आकाश लख्ख होतं. गाडी फळ्यांवरून वर चढवायला बाई स्वतः बसल्या. शेजारी आत्या, तिने कुणाचं ऐकलंच नाही. भिंगवाले खाली उभे राहून हाताने दिशा दाखवत होते. गाडी सुरू झाली, आणि निघायच्या आधी बाईंनी वायपरचं बटण ओढलं. कोरड्या काचेवर दोन्ही पाती करकरत इकडून तिकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. पाती आपली फिरत राहिली.

“बंद कर आता,” आत्या म्हणाली. “काच खरवडेल.”